पंपिंग २५ टक्के, पण जिवंत किती?

इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ २५ टक्के’ असे छापून येते आणि सारे घर त्या एका आकड्याभोवती गोळा होते. पंपिंग पंचवीसच राहिले म्हणजे पाऊण हृदय गेले, असा हिशेब जो तो मनात करून टाकतो. हा हिशेब मुळातच चुकतो. निरोगी माणसाच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात प्रत्येक ठोक्याआधी साधारण १२० मिलिलीटर रक्त भरते आणि त्यातले ७० मिलिलीटर बाहेर फेकले जाते. म्हणजे ठणठणीत हृदयाचे पंपिंगसुद्धा ५८ टक्क्यांच्या आसपास असते. शंभर टक्के कुणाचेच नसते. झटका येऊन गेल्यावर हा कप्पा हळूहळू पसरतो. त्यात २४० मिलिलीटर रक्त मावू लागले आणि त्यातले ६० बाहेर पडले, की रिपोर्टवर २५ टक्के उमटतात. शरीराला ७० च्या जागी ६० मिलिलीटर मिळत असतात. ताणलेल्या, थकलेल्या हृदयाची ही अवस्था चांगली नव्हेच, आणि ती हलक्यात घेण्यासारखीही नाही. पण पाऊण हृदय गेले, असा तिचा अर्थ होत नाही.

या टक्केवारीतून एक गोष्ट कधीच कळत नाही. हृदयाच्या भिंतीचा जो भाग हलत नाही, तो मेला म्हणून हलत नाही की जिवंत असून गप्प आहे? करोनरी रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असलेल्या आणि पंपिंग घसरलेल्या रुग्णापुढे बायपास, स्टेंट की नुसती औषधे हा प्रश्न येतो, तेव्हा डॉक्टर ‘व्हायेबिलिटी’ची तपासणी सांगतात ती याचे उत्तर शोधण्यासाठी. या उत्तराच्या दोन्ही टोकांना जे आकडे सापडतात, ते ऐकून मन थबकते.

आधी त्या स्नायूचा रोजचा खर्च पाहू. हृदयाचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १ लाख ८०० ठोके होतात आणि सत्तर वर्षांत सुमारे २५७ कोटी. मिनिटाला ५ लिटर म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर रक्त ते पुढे ढकलते. हे सारे एटीपी नावाच्या रेणूवर चालते. हृदय दिवसभरात सुमारे ६ किलो एटीपी तयार करते आणि तितकेच संपवते. स्वतःच्या वजनाच्या वीसपट. शिल्लक मात्र नावापुरती. कोणत्याही क्षणी पेशींत असलेला एटीपीचा साठा जेमतेम १० सेकंदांत पूर्ण बदलून जातो. प्राणवायूच्या बाबतीतही हात राखून काही ठेवलेले नाही. शरीराचे बाकीचे अवयव मिळून रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू उचलतात. हृदयाचा स्नायू आपण स्वस्थ बसलेलो असतानाच ७० ते ७५ टक्के उचलतो. गरज वाढली तर जास्तीचे रक्त आणणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो, आणि ते रक्त येते तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांमधून.

अशी एखादी नळी अचानक बंद पडली की त्या भागाचे आकुंचन मिनिटभराच्या आतच थांबते. पेशी मरायला मात्र वीस मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे काम आधी थांबते आणि जीव नंतर जातो. काम थांबले तरी जीव शिल्लक असू शकतो, हे पुढच्या सगळ्या विषयाचे मूळ आहे.

माणसाच्या डाव्या कप्प्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी साधारण ३०० कोटी असतात. मोठ्या झटक्यात त्यांपैकी १०० कोटींपर्यंत पेशी काही तासांत जातात. सोयीसाठी सहा तास धरू आणि मृत्यूचा वेग सारखा मानू: सेकंदाला ४६ हजार पेशी होतात. प्रत्यक्षात वेग सारखा नसतो, सुरुवातीला तो फार जास्त असतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात रायमर आणि जेनिंग्स यांनी कुत्र्यांवर केलेला १९७७ सालचा प्रयोग हृदयविज्ञानात पायाभूत मानला जातो. रक्तवाहिनी ४० मिनिटे बंद ठेवली, तेव्हा तिच्या भागातल्या भिंतीची ३८ टक्के जाडी मेली. तीन तासांनी ५७ टक्के, सहा तासांनी ७१ आणि चोवीस तासांनी ८५. मृत्यूची ही लाट नेहमी भिंतीच्या आतल्या अस्तरापासून निघून बाहेरच्या पृष्ठभागाकडे सरकत गेली. दिवसभरात जेवढे मरायचे होते, त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या ४० मिनिटांतच गेले होते. माणसात हे वेळापत्रक व्यक्तिगणिक बदलते. कुणाच्या हृदयात शेजारच्या वाहिन्यांकडून बारीक जोडवाटा आधीच तयार झालेल्या असतात, कुणाच्या नसतात.

गेलेल्या पेशी परत किती येतात? याचे उत्तर मिळाले ते अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर तो वर्षागणिक उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने मृत व्यक्तींच्या हृदयातल्या पेशींचा कार्बन मोजून त्यांचे जन्मवर्ष काढले. २००९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या असतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. ३०० कोटींचा १ टक्का म्हणजे वर्षाला ३ कोटी, आणि वर्षातले सेकंद ३ कोटी १५ लाख. तरुण, निरोगी हृदयाची कमाई सेकंदाला एक पेशी. झटक्यातली गळती सेकंदाला ४६ हजार. १०० कोटींचे नुकसान या वेगाने भरून काढायला तिसाहून जास्त वर्षे लागतील, तीही ही भर नेमकी त्याच जागी पडली तर. ती तशी पडत नाही. मेलेल्या जागी आकुंचन न पावणाऱ्या तंतूंचा व्रण तयार होतो.

या आकड्यांशेजारी आपल्या देशातला एक आकडा ठेवावासा वाटतो. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदणीत भारतातल्या ५० शहरांमधल्या ८९ केंद्रांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळेचा मध्यांक होता ३६० मिनिटे. सहा तास! ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पिऊन पाहिला, मग गावच्या डॉक्टरांकडे गेले, तिथून तालुक्याला आणि मग जिल्ह्याला, असे करत गेलेले हे तास आहेत. दुखणे अंगावर काढण्याची सवय आणि रस्त्यांची लांबी यांची ही बेरीज फार महाग पडते. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाचे हृदय तपासताना ‘वाचले किती?’ हा प्रश्न अधिक टोकदार होतो, म्हणून व्हायेबिलिटीचा विषय आपल्याकडे खास महत्त्वाचा आहे असे मला वाटते.

अँजिओग्राफीतून हे कळत नाही का? नाही. तिच्यात नळ्या दिसतात, स्नायू दिसत नाही. ‘एलएडी (हृदयाच्या पुढच्या भिंतीची मुख्य वाहिनी) १०० टक्के बंद’ असे सीडीवर दिसत असताना तिच्या पलीकडचा स्नायू जोडवाटांवर तगून राहिलेला असू शकतो. उलट, स्टेंट टाकून मोकळी केलेली सुरेख नळी संपूर्ण मेलेल्या भागाला रक्त पुरवत असू शकते. शिवाय अरुंद होण्याचे गणितही सरळ नाही. नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्या तुकड्यातून द्रव वाहण्याची क्षमता निम्मी न होता सोळाव्या हिश्श्यावर येते. तरीही स्वस्थ बसलेल्या माणसाला बराच काळ काही जाणवत नाही, कारण पुढच्या सूक्ष्म वाहिन्या सैल होऊन ती तूट भरून काढतात. व्यास साधारण निम्मा झाल्यावर श्रमाच्या वेळचा पुरवठा कमी पडू लागतो. बसल्या जागचा पुरवठा घटायला ८५-९० टक्के अडथळा लागतो.

अशा अर्धपोटी स्नायूचे पुढे काय होते, याचे उत्तर १९८० च्या दशकात स्पष्ट होत गेले. मुंबईत जन्मलेले, कराचीच्या डाऊ मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थिरावलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतुल्ला यांनी बायपास झालेल्या रुग्णांच्या अनुभवावरून ठामपणे सांगितले, की वर्षानुवर्षे न हलणाऱ्या भिंती रक्त मिळाल्यावर पुन्हा हलू लागतात. अशा स्नायूने आपले काम कमी पुरवठ्याच्या पातळीला आणून ठेवलेले असते. याला सुप्त, म्हणजे शीतनिद्रेतला स्नायू म्हणतात. त्याच्या थोडे आधी, १९८२ मध्ये, ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी आणखी एक अवस्था मांडली होती: रक्त थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू झाले, पेशी वाचल्या, तरी स्नायू काही तास ते काही आठवडे बधिर राहतो. बधिर स्नायू आपोआप सावरतो. सुप्त स्नायूला रक्त लागते. मेलेल्याला कशाचाच उपयोग नाही. इकोच्या पडद्यावर तिघे सारखेच दिसतात.

त्यांना वेगळे ओळखण्याची सर्वांत विस्मयकारक रीत मला पेट स्कॅनची वाटते. निरोगी हृदय एरवी बहुतेक ऊर्जा चरबीतून घेते. प्राणवायू तुटपुंजा झाला की स्नायू साखरेकडे वळतो, कारण तितक्याच प्राणवायूत साखर जास्त ऊर्जा देते. मेलेली पेशी साखर घेत नाही. मग साखरेच्या रेणूवर फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू बसवायचा आणि ती साखर शिरेतून द्यायची. जिथे रक्त कमी आणि साखर भरपूर दिसेल, तिथे सुप्त पण जिवंत स्नायू आहे. जिथे दोन्ही कमी, तिथे व्रण.

ही साखर किती द्यायची? नेहमीचा डोस ३७० मेगाबेक्वेरेल धरला तर सिरिंजमध्ये सेकंदाला ३७ कोटी फ्लोरिन अणूंचे विघटन चाललेले असते. एकूण अणू साडेतीन लाख कोटी. आणि या सगळ्या किरणोत्सर्गी फ्लोरिनचे वजन? एका ग्रॅमचा एक हजार कोटीवा भाग. मिठाचा एक बारीक कण याच्या सहा लाखपट जड असतो. सिरिंजभोवतीचे जाड कवच मात्र शिशाचे किंवा टंगस्टनचे, हाताला चांगलेच जड लागणारे. प्रत्येक विघटनात बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. छातीभोवतीच्या कड्यातले समोरासमोरचे दोन शोधक काही अब्जांश सेकंदांच्या अंतराने चमकले, तरच ती जोडी मोजली जाते. प्रकाश एवढ्या वेळात मीटरभर जातो. अशा अगणित जोड्यांच्या रेषा जुळवून हृदयाचे चित्र उभे राहते.

फ्लोरिन-१८ थांबत नाही. ११० मिनिटांत निम्मा, पुढच्या ११० मिनिटांत निम्म्याचा निम्मा. चोवीस तासांनी मूळच्या सुमारे ८,७०० व्या हिश्श्याएवढाच उरतो. तो तयार करणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून निघाल्यापासून घड्याळ सुरू होते आणि वाटेतल्या वाहतूककोंडीत डोस खरोखरच विरत जातो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. तपासणीआधी रुग्णाची साखर नीट बसवावी लागते. उपाशी ठेवून ग्लुकोज द्यायचे, मधुमेह असेल तर इन्सुलिन जोडायचे, वारंवार बोट टोचून पाहायचे. हे काळजीपूर्वक झाले नाही तर जिवंत स्नायूही साखर घेत नाही आणि चित्र फसवते. ही पद्धत कितपत खरी ठरते, ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधल्या टिलिश आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. रुग्ण होते फक्त १७. पेटने जिवंत ठरवलेल्या भागांपैकी ८५ टक्के शस्त्रक्रियेनंतर सुधारले. मृत ठरवलेल्यांपैकी ९२ टक्के सुधारले नाहीत.

थॅलियमचे किंवा टेक्नेशियमचे स्कॅन त्याहून सहज उपलब्ध असते. डोब्युटामिन इकोत औषधाचा सौम्य डोस देऊन गप्प भिंत हलते का ते पाहतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण बारकाव्याला एमआरआयला तोड नाही.

एमआरआयच्या बोगद्यात रुग्ण आडवा असतो. हेडफोनमधून आवाज येतो, “काका, श्वास घ्या… सोडा… आता रोखून धरा.” दहा-पंधरा सेकंद यंत्र खडखडते. “घ्या श्वास.” हे पुन्हा पुन्हा. गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन दहा-पंधरा मिनिटे झालेली असतात. निरोगी स्नायूत पेशी खच्चून भरलेल्या असतात, गॅडोलिनियमला थांबायला जागा कमी. व्रणात पेशी नाहीत, तंतूंमधली मोकळी जागा भरपूर, म्हणून ते तिथे रेंगाळते. यंत्राची वेळ अशी साधतात की जिवंत स्नायू काळा दिसावा आणि व्रण पांढरा. पडद्यावर काळी अंगठी उमटते आणि तिच्या आतल्या कडेने एक पांढरी पट्टी. मृत्यूची लाट आतून बाहेर सरकते, हे कुत्र्यांच्या हृदयात छेद घेऊन पाहिलेले सत्य इथे जिवंत माणसाच्या छातीत, एक टाकाही न घालता दिसते.

चित्राच्या एका ठिपक्यात किती पेशी असतील? ठिपका दीड मिलिमीटर लांब-रुंद आणि काप ८ मिलिमीटर जाडीचा धरला तर १८ घन मिलिमीटर होतात. डाव्या कप्प्याच्या १४० घन सेंटिमीटर स्नायूत ३०० कोटी पेशी, तर एका ठिपक्यात सुमारे चार लाख. थॅलियमसारख्या स्कॅनमध्ये वेगळे दिसू शकणारे सर्वांत लहान घनच साधारण सेंटिमीटरभर बाजूचे, म्हणजे दोन कोटींहून अधिक पेशींचे. भिंतीची जाडीच जेमतेम सेंटिमीटरभर असते. आतल्या कडेचा पातळ व्रण तिथे निसटू शकतो.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात किम, जड आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्णांवर केलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधाराला घेतात. नीट न हलणाऱ्या ज्या ३२९ भागांत पांढरे काहीच नव्हते, त्यांतले २५६ रक्तपुरवठा सुरू झाल्यावर सुधारले. ज्या ५८ भागांत पाऊण जाडीहून जास्त पांढरे होते, त्यांतला फक्त एक.

इथवर कथा सरळ आहे. जिवंत भाग शोधा, त्याला रक्त द्या, माणूस वाचेल. २००२ मध्ये ऑलमन आणि सहकाऱ्यांनी २४ अभ्यासांतले ३,०८८ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा ते सिद्धच झाल्यासारखे वाटले. जिवंत स्नायू असलेल्यांत नुसत्या औषधांवर वर्षाला १६ टक्के मृत्यू, तर बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांत ३.२ टक्के. पण कुणाला शस्त्रक्रिया करायची ते त्या अभ्यासांत डॉक्टरांनी ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. जे धडधाकट ते टेबलावर गेले असणार, हा संशय रास्त होता.

मग चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचण्या आल्या. ‘स्टिच’मध्ये पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेल्या १,२१२ रुग्णांपैकी ६०१ जणांची व्हायेबिलिटी तपासली. जिवंत स्नायू पुरेसा असलेले ४८७, नसलेले ११४. पहिल्या गटात ३७ टक्के दगावले, दुसऱ्यात ५१; पण वय, पंपिंग वगैरे फरक हिशेबात घेतल्यावर हे अंतर टिकले नाही. आणि बायपासचा फायदा कुणाला जास्त होईल, हे तपासणीवरून सांगता आले नाही. बायपासचा स्वतःचा फायदा मात्र दहा वर्षांनी दिसला: मृत्यू ५८.९ टक्के, औषधांवर ६६.१. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिव्हाइव्ह्ड’ चाचणीने ७०० रुग्ण घेतले. किमान चार भाग जिवंत असणे ही अट होती. डाव्या कप्प्याचे १७ भाग मानतात, म्हणजे चार भागांत सुमारे ७० कोटी पेशी. निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी, निम्म्यांना नुसती उत्तम औषधे. मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने भरती: ३७.२ टक्के आणि ३८ टक्के. पंपिंगमध्येही लक्षात घेण्याजोगा फरक नाही.

या निकालांनी तपासणी फुकट ठरली असे मी मानत नाही. ‘स्टिच’मध्ये पेट आणि एमआरआय नव्हतेच, जिवंत स्नायू नसलेले रुग्णही थोडे होते. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. स्नायू जिवंत असणे आणि त्या नळीत स्टेंट टाकल्याने माणूस अधिक जगणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘मसल जिवंत आहे, म्हणजे स्टेंट हवाच’ असे कुणी म्हणाले, तर कशासाठी, असे विचारायचा हक्क रुग्णाला आहे. छातीत दुखणे थांबावे म्हणून की आयुष्य वाढावे म्हणून? आणि ‘पंपिंग पंचवीस आहे, आता काही उरले नाही’ असे कुणी म्हणाले, तर जिवंत किती ते मोजले का, हेही विचारले पाहिजे. औषधे नेमाने घेणे हा यातला सगळ्यांत कमी चर्चेचा आणि सगळ्यांत भक्कम भाग आहे. रक्तपुरवठा सुधारल्यावरही धीर लागतो. काही सुप्त भाग वर्षभराने हलू लागतात, तेव्हा तीन महिन्यांच्या इकोवरून निकाल लावणे घाईचे होते.

‘रिव्हाइव्ह्ड’च्या ६१० रुग्णांची चित्रे २०२३ मध्ये पुन्हा मोजली गेली. जिवंत स्नायू किती, याचा पुढच्या घटनांशी संबंध लागला नाही. व्रण किती, याचा लागला. व्रण जितका मोठा तितका धोका जास्त आणि सुधारणा कमी. म्हणून व्हायेबिलिटीचा रिपोर्ट हातात आला की त्यातला पांढऱ्या पट्टीचा आकडाही विचारून घ्यावा: सतरापैकी किती भागांत, आणि भिंतीच्या किती जाडीपर्यंत.